परदेशातील बुद्धिबळ स्पर्धेसाठी व्हिसा आणि प्रवास : इंदूरच्या पालकांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

युरोपातील एखाद्या खुल्या बुद्धिबळ स्पर्धेत मुलाला खेळवायचे ठरले की पुष्कळ घरांत आधी विमानाचे तिकीट काढले जाते, कारण ते त्या दिवशी स्वस्त दिसत असते. त्यानंतर स्पर्धेची फी भरली जाते आणि व्हिसाचा विचार सर्वांत शेवटी सुरू होतो. हा क्रम उलटा आहे. इंदुरातील पालकांच्या ज्या फायली अडकलेल्या मी पाहिल्या, त्यांत पैसे कमी पडल्याची उदाहरणे थोडी होती. नावे आणि तारखा एका कागदावर एक आणि दुसऱ्यावर दुसऱ्या, अशी उदाहरणे त्याहून कितीतरी जास्त होती. अर्ज तपासणारा अधिकारी तुमच्या मुलाला ओळखत नाही. त्याच्यासमोर फक्त कागद असतात, आणि त्या सर्व कागदांनी एकच हकिकत सांगावी लागते.

हा लेख शेंगेन व्हिसाविषयी, म्हणजे युरोपातील ज्या देशांच्या गटात एकाच व्हिसावर फिरता येते त्या गटाच्या व्हिसाविषयी आहे, कारण आपल्याकडची मुले ज्या स्पर्धांना जातात त्यांपैकी पार्दुबिचे येथील चेक ओपन, स्वित्झर्लंडमधील बील, बार्सिलोनातील सांट्स आणि आइसलंडमधील रेक्याविक या सर्व शेंगेन क्षेत्रात येतात. ब्रिटन, आयर्लंड, सर्बिया किंवा आखाती देशांचे नियम वेगळे आहेत; ते येथे गृहीत धरू नयेत.

टप्पा १ : स्पर्धा निवडताना विचारायचे प्रश्न

स्पर्धा फिडेच्या, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाच्या, कॅलेंडरवर नोंदवलेली आहे का, हे प्रथम पाहावे. नोंद नसेल तर रेटिंग मिळणार नाही, आणि व्हिसाच्या फाइलमध्येही प्रवासाचे कारण दुबळे ठरेल. मुलाचा फिडे क्रमांक असावा आणि राष्ट्रीय महासंघाकडील त्याची नोंदणी चालू असावी. जागतिक युवा स्पर्धेसारख्या अधिकृत स्पर्धांमध्ये प्रवेशिका राष्ट्रीय महासंघामार्फतच जाते, त्यामुळे तेथे पालकांनी आयोजकांना थेट लिहून उपयोग नसतो. खुल्या स्पर्धांत मात्र पालकांनी स्वतः नाव नोंदवायचे असते.

नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकांना एक ई-मेल पाठवून चार गोष्टी विचारून घ्याव्यात. व्हिसा नाकारला गेला तर फी परत मिळते का? निमंत्रणपत्र फी भरल्यानंतर किती दिवसांत मिळते? आयोजकांनी ठरवलेल्या हॉटेलात मुक्काम सक्तीचा आहे का? आणि विमान चुकल्यास पहिल्या फेरीत अर्ध्या गुणाचा बाय, म्हणजे डाव न खेळता अर्धा गुण, मिळतो का? हा शेवटचा प्रश्न पालकांना क्षुल्लक वाटतो. पण बाय कोणत्या फेऱ्यांत आणि कोणत्या तारखेपर्यंत मागता येतो, याचे नियम प्रत्येक स्पर्धेच्या माहितीपत्रकात वेगळे असतात. मुदत उलटल्यावर केलेली विनंती पंच सहसा मान्य करत नाहीत.

फेऱ्यांचे पूर्ण वेळापत्रक छापून ठेवावे. नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेत एखाद्या दिवशी दोन फेऱ्या असतात आणि शेवटची फेरी बहुधा सकाळी असते. परतीची तारीख या वेळापत्रकावरून ठरवायची असते, तिकिटाच्या भावावरून नव्हे.

तपासणी : स्पर्धेची पहिली फेरी, शेवटची फेरी आणि बक्षीस समारंभ यांच्या तारखा कागदावर लिहून झाल्या का? यापुढचा प्रत्येक कागद याच तारखांशी ताडून पाहायचा आहे.

टप्पा २ : पासपोर्ट आणि नावाचा घोळ

शेंगेन व्हिसासाठी पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला असावा, परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने वैध असावा आणि त्यात निदान दोन पाने कोरी असावीत. प्रौढांच्या बाबतीत हे सहसा जुळते. लहान मुलांचा पासपोर्ट मात्र पाचच वर्षांचा असतो, हे घरात कोणाच्याच लक्षात राहत नाही. सहाव्या वर्षी काढलेला पासपोर्ट मूल अकरा वर्षांचे होताच संपतो, म्हणजे नेमका त्याचे रेटिंग वाढू लागलेले असते तेव्हा.

मध्य प्रदेशासाठीचे प्रादेशिक पासपोर्ट कार्यालय भोपाळला आहे. परंतु अर्जदाराला तेथे जावे लागत नाही, इंदुरातील पासपोर्ट सेवा केंद्रात काम होते. अल्पवयीन मुलाच्या अर्जासोबत आई-वडील दोघांच्या सह्यांचे परिशिष्ट ड जोडावे लागते. दोघांचे पासपोर्ट वैध असतील आणि त्यांवर जोडीदाराचे नाव असेल तर काम सोपे जाते.

नूतनीकरण करायचे असेल तर ते निमंत्रणपत्र मागवण्यापूर्वी करावे. निमंत्रणपत्रावर पासपोर्ट क्रमांक असतो. नवा पासपोर्ट आला की क्रमांक बदलतो आणि पत्र पुन्हा मागवावे लागते. स्पर्धेच्या तोंडावर आयोजकांकडे शेकडो ई-मेल साचलेले असतात, तेव्हा दुसरे पत्र लवकर येईल अशी आशा धरू नये.

आता नावाविषयी, कारण मराठी घरांत गडबड इथेच होते. आपल्या पद्धतीने मुलाचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असे तिन्ही लिहिले जाते. इंदुरातील शाळेच्या दाखल्यावर मात्र पुष्कळदा फक्त नाव आणि आडनाव असते, कारण येथील हिंदी भाषक कुटुंबांत वडिलांचे नाव मध्ये घालण्याची रीत नाही. परिणामी पासपोर्टवर तीन शब्द, जन्मदाखल्यावर दोन, फिडेच्या यादीत आडनाव आधी आणि नाव नंतर, आणि आडनावाच्या रोमन लेखनात कोठे एखादे अक्षर कमी तर कोठे जास्त, अशी अवस्था होते. देशपांडे, वैद्य, कवीश्वर, भागवत यांसारख्या आडनावांची रोमन लेखने दोन-तीन प्रकारे होतात, हे प्रत्येकाने आपल्या घरातील कागदांवर पडताळून पाहावे.

उपाय सोपा आहे, फक्त तो वेळेत करायला हवा. पासपोर्टवरील नाव हेच प्रमाण मानावे. स्पर्धेची नोंदणी, हॉटेल, विमा आणि तिकीट या सर्वांवर पासपोर्टप्रमाणे अक्षर न अक्षर तेच नाव असावे. फिडेच्या यादीतील नाव वेगळे असेल तर दुरुस्तीसाठी महासंघाला लिहावे. तेवढा वेळ नसेल तर आयोजकांना निमंत्रणपत्रात पासपोर्टप्रमाणे नाव आणि शेजारी फिडे क्रमांक अशा दोन्ही गोष्टी लिहायला सांगाव्यात. मग दोन्ही नावे एकाच खेळाडूची आहेत हे क्रमांकावरून कळते. शाळेच्या दाखल्यातील फरकासाठी पालकांचे नोटरीकृत शपथपत्र जोडावे.

टप्पा ३ : निमंत्रणपत्र

आयोजक पाठवतील ते पत्र तसेच्या तसे फाइलला लावणे ही सर्रास होणारी चूक आहे. पत्रात मुलाचे आणि सोबतच्या पालकाचे पासपोर्टप्रमाणे नाव, जन्मतारीख, पासपोर्ट क्रमांक, स्पर्धेच्या तारखा, स्पर्धास्थळाचा पत्ता, आयोजक संस्थेचे नाव, संपर्क आणि सही हे सर्व असले पाहिजे. राहण्याचा आणि जेवणाचा खर्च कोण करणार हेही स्पष्ट असावे. आयोजक खर्च करणार नसतील तर तसे लिहिलेले असणे चांगले. संदिग्ध वाक्यापेक्षा ते केव्हाही सोयीचे.

पालकाचे नाव पत्रात घालायला आयोजक विसरतात. मुलाला स्पर्धेचे कारण आहे, पण पालक कशासाठी चालला आहे याचा आधार मग फाइलमध्ये कोठेच राहत नाही. म्हणून नोंदणी करतानाच सोबत येणाऱ्या व्यक्तीची माहिती पाठवावी.

चेस-रिझल्ट्स या संकेतस्थळावर स्पर्धेची प्रारंभिक यादी प्रसिद्ध होते. मुलाचे नाव असलेले पान छापून निमंत्रणपत्रामागे लावावे. मुलाच्या फिडे प्रोफाइलचे पान आणि गेल्या वर्षभरात खेळलेल्या दोन-तीन स्पर्धांचे निकाल जोडले की मूल खरोखर खेळाडू आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

सावधान : निमंत्रणपत्र म्हणजे व्हिसाची हमी नव्हे. काही मध्यस्थ तसे भासवतात.

टप्पा ४ : कोणत्या देशाकडे आणि कोणत्या शहरात अर्ज करायचा

ज्या देशात जाण्याचे मुख्य कारण आहे किंवा जेथे मुक्काम सर्वाधिक आहे, त्या देशाकडे अर्ज करायचा. पार्दुबिचेत दहा दिवस आणि व्हिएन्नात दोन दिवस असतील तर अर्ज चेक प्रजासत्ताकाकडे. दोन देशांत दोन स्पर्धा असतील आणि दिवस सारखेच असतील तर ज्या देशात प्रथम प्रवेश करणार त्या देशाकडे. अपॉइंटमेंट लवकर मिळते म्हणून तिसऱ्याच देशाकडे अर्ज टाकण्याचा सल्ला पालकांच्या व्हॉट्सॲप गटांत फिरत असतो. तो मानू नये. स्पर्धा एका देशात आणि अर्ज दुसऱ्याकडे, ही विसंगती पहिल्याच पानावर दिसते.

त्याच कारणाने, पहिल्या खेपेला स्पर्धेला जोडून मोठी सहल आखू नये. नऊ दिवस स्पर्धा आणि बारा दिवस इटली-फ्रान्स असा कार्यक्रम असेल तर प्रवासाचे खरे कारण कोणते, हा प्रश्न अधिकाऱ्याने विचारणे स्वाभाविक आहे.

अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त सहा महिने आधी आणि कमीत कमी पंधरा दिवस आधी करता येतो. निर्णयासाठी पंधरा दिवसांचा नियम असला तरी काही प्रकरणांत तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो. जुलैची स्पर्धा असेल तर एप्रिलच्या सुरुवातीला अर्ज जमा झालेला असावा, असे मी पालकांना सांगतो, कारण मे महिन्यात उन्हाळी सहलींची गर्दी एवढी होते की अपॉइंटमेंटच हाती लागत नाही. याचा अर्थ फाइलची तयारी फेब्रुवारीत सुरू करायची, म्हणजे शाळेची वार्षिक परीक्षा आणि ही धावपळ एकाच वेळी येणार. ते टाळता येत नाही.

इंदुरातून अर्ज देण्यासाठी मुंबई, अहमदाबाद किंवा दिल्ली गाठावी लागते, आणि यांपैकी कोणते शहर चालेल हे देशागणिक वेगळे असते. काही देशांच्या लेखी मध्य प्रदेश मुंबईच्या वाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो, काहींच्या लेखी दिल्लीच्या. अर्ज घेण्याचे काम बहुतेक देशांनी व्हीएफएस ग्लोबलकडे आणि स्पेनने बीएलएसकडे दिलेले आहे. कक्षा त्यांच्या संकेतस्थळावर त्या त्या देशाच्या पानावर दिलेली असते. अपॉइंटमेंट प्रत्येक व्यक्तीची स्वतंत्र घ्यावी लागते. मुलाची वेगळी अपॉइंटमेंट न घेता गेलेल्या पालकांना परत यावे लागले आहे.

सावधान : अर्ज जमा केल्यापासून निर्णय होईपर्यंत पासपोर्ट तिकडेच राहतो. त्याच काळात मुलाची आशियातील दुसरी स्पर्धा असेल तर दोहोंपैकी एकच शक्य आहे.

टप्पा ५ : फाइल

प्रत्येक अर्जदाराची स्वतंत्र फाइल करावी. "वडिलांच्या फाइलमध्ये आहे" हे उत्तर चालत नाही. बँक स्टेटमेंटपासून निमंत्रणपत्रापर्यंत सर्व कागदांची दुसरी प्रत मुलाच्या फाइलमध्ये हवी.

अर्जात प्रवासाच्या हेतूच्या रकान्यात क्रीडा हा पर्याय असतो. मुलासाठी तो निवडावा. सोबतच्या पालकासाठी कोणता पर्याय निवडायचा, हे त्या देशाच्या कागदपत्रांच्या यादीत पाहून ठरवावे, आणि आवरणपत्रात 'स्पर्धेत खेळणाऱ्या अल्पवयीन मुलासोबत प्रवास' असे स्पष्ट लिहावे. मुलाच्या अर्जावर पालकांनी सही करायची असते. हौसेने मुलाकडून सही करून घेऊ नये.

आवरणपत्र एका पानाचे असावे. कोण जात आहे, कोणती स्पर्धा, कोणत्या तारखा, कोठे राहणार, खर्च कोण करणार आणि परत कधी येणार, एवढेच त्यात हवे. त्यामागे दिवसवार कार्यक्रमाचे पान लावावे : तारीख, शहर, मुक्काम, फेरी. मुलाच्या गुणांचे वर्णन, त्याने मिळवलेली पदके आणि देशाचे नाव उज्ज्वल करण्याचा संकल्प येथे नको.

पैशांच्या कागदांवर मात्र वेळ खर्च करावा. नोकरदार पालकांनी गेल्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या, रजेच्या मंजुरीचे पत्र, आयकर विवरणपत्रे आणि बँक स्टेटमेंट जोडावे. सराफा, कापड बाजार किंवा स्वतःचा छोटा कारखाना असलेल्या पालकांची गोष्ट वेगळी असते. त्यांच्या घरखात्यात शिल्लक कमी आणि फर्मच्या चालू खात्यात उलाढाल मोठी असते. अशांनी जीएसटी नोंदणी, फर्मचे स्टेटमेंट, सीएने तयार केलेले उत्पन्नाचे विवरण आणि घरखात्याचे स्टेटमेंट हे सर्व एकत्र द्यावे, आणि फर्म व आपण यांचा संबंध दाखवणारा कागद विसरू नये. स्टेटमेंटच्या प्रत्येक पानावर शाखेचा शिक्का आणि सही घ्यावी.

अर्जाच्या आठवडाभर आधी कोणा नातेवाइकाकडून दोन-तीन लाख रुपये खात्यात टाकून घेण्याची युक्ती अजूनही चालते. स्टेटमेंट सहा महिन्यांचे असते आणि शेवटच्या आठवड्यातील उडी त्यात लपत नाही. आजोबा खर्च करणार असतील तर सरळ तसे लिहावे, त्यांचे पत्र, त्यांचे स्टेटमेंट आणि नाते दाखवणारे कागद जोडावेत. ही प्रामाणिक फाइल फुगवलेल्या खात्यापेक्षा बळकट असते.

मुलासाठी जन्मदाखला, शाळेचे बोनाफाइड आणि प्राचार्यांच्या सहीचे रजेचे पत्र लागते. रजेच्या पत्रावर नेमक्या तारखा हव्यात. नुसते 'स्पर्धेसाठी परवानगी देण्यात येत आहे' पुरत नाही. फक्त एक पालक जात असेल तर दुसऱ्याचे नोटरीकृत संमतीपत्र आणि त्याच्या पासपोर्टची झेरॉक्स जोडावी. मूल प्रशिक्षकासोबत जात असेल तर दोन्ही पालकांचे संमतीपत्र लागते, आणि त्यात प्रशिक्षकाचे नाव व पासपोर्ट क्रमांक हवा. या संमतीपत्राची दुसरी मूळ प्रत प्रवासात जवळ ठेवण्यासाठी त्याच वेळी करून घ्यावी; विमानतळावरचा अधिकारी ती मागू शकतो, आणि पहिली प्रत तोवर दूतावासाकडे गेलेली असते.

विम्याचे संरक्षण किमान ३०,००० युरोचे असावे, ते सर्व शेंगेन देशांत लागू असावे आणि मुक्कामाचे सर्व दिवस त्यात यावेत. जाण्यायेण्याचे दोन-तीन दिवस जादा घ्यावेत. बुद्धिबळासाठी साधी प्रवास विमा योजना चालते. मल्लखांब, जलतरण किंवा सायकलिंगच्या स्पर्धेला जाणाऱ्यांनी मात्र स्पर्धेतील दुखापत योजनेतून वगळलेली नाही ना, हे अटींत वाचावे.

हॉटेलची नोंदणी मोफत रद्द करता येईल अशी घ्यावी, पण तीवर सर्व प्रवाशांची नावे हवीत. विमानाच्या बाबतीत अर्जासाठी आरक्षण किंवा प्रवासाचा आराखडा पुरतो, पैसे भरलेले तिकीट लागत नाही. मध्यस्थ जे 'डमी तिकीट' विकतात त्यातील क्रमांक विमान कंपनीच्या संकेतस्थळावर उघडतो का, हे स्वतः तपासावे. उघडत नसेल तर तो बनावट कागद आहे, आणि बनावट कागदाची शिक्षा मध्यस्थाला नव्हे, अर्जदाराला होते.

तपासणी : फाइल पूर्ण झाली की घरातील ज्या व्यक्तीने ती तयार केलेली नाही, तिच्या हाती द्यावी. निमंत्रणपत्र, रजेचे पत्र, हॉटेल, विमा, आराखडा आणि आवरणपत्र या सहा कागदांवरील तारखा तिने मोठ्याने वाचाव्यात. रात्रीचे विमान ९ तारखेला मुंबईहून सुटून १० तारखेला युरोपात उतरत असेल, तर हॉटेल १० पासून आणि मुक्काम १० पासूनच मोजला गेला पाहिजे. उतरण्याचा आणि निघण्याचा असे दोन्ही दिवस मुक्कामात धरतात. रात्री मोजणाऱ्यांचा एक दिवस येथे हमखास चुकतो.

टप्पा ६ : अर्ज केंद्रावर

सकाळची अपॉइंटमेंट असेल तर आदल्या दिवशीच पोहोचावे. अवंतिका एक्सप्रेसने मुंबई सेंट्रलला उतरून त्याच सकाळी केंद्रावर धावणारे पालक पुष्कळ आहेत. गाडी दोन तास उशिरा आली तर अपॉइंटमेंट गेली, आणि पुढची महिन्यानंतरची.

व्हिसा शुल्क प्रौढांना ९० युरो, ६ ते १२ वर्षांखालील मुलांना ४५ युरो आणि ६ वर्षांखालील मुलांना माफ आहे. ते रुपयांत घेतले जाते आणि त्याशिवाय केंद्राचे सेवाशुल्क असते. ना-नफा संस्थेने भरवलेल्या क्रीडास्पर्धेत भाग घेणाऱ्या २५ वर्षांपर्यंतच्या व्यक्तींना शुल्कमाफी देण्याची तरतूद शेंगेन नियमांत आहे. आयोजक संस्था ना-नफा असेल तर निमंत्रणपत्रात तसे लिहून घ्यावे आणि खिडकीवर नम्रपणे विचारावे. मिळाली तर उत्तम. हुज्जत घालू नये.

बारा वर्षांखालील मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत. इतरांचे ठसे ५९ महिने ग्राह्य असतात. छायाचित्र ३५ बाय ४५ मिलिमीटरचे, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचे आणि अलीकडचे असावे. पासपोर्ट घरी मागवण्यासाठी कुरियरची सोय घ्यावी, म्हणजे मुंबईची दुसरी फेरी वाचते.

टप्पा ७ : व्हिसा हातात आल्यावर, किंवा नकार आल्यावर

पासपोर्ट उघडून व्हिसाच्या चिकटपत्रावरील पाच गोष्टी त्याच दिवशी वाचाव्यात : नाव, पासपोर्ट क्रमांक, वैधतेच्या तारखा, मुक्कामाचे दिवस आणि प्रवेशांची संख्या. वैधतेचा कालावधी आणि मुक्कामाचे दिवस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वैधता महिनाभराची असून मुक्काम चौदाच दिवसांचा असेल तर चौदाच दिवस राहता येते. चूक आढळल्यास लगेच केंद्राला कळवावे.

प्रवेशांच्या संख्येकडे विशेष लक्ष द्यावे. वैध शेंगेन व्हिसा असलेल्या भारतीयांना सर्बियात वेगळा व्हिसा लागत नाही, म्हणून बुडापेस्टची स्पर्धा, मग सर्बियातील स्पर्धा, मग पुन्हा बुडापेस्टहून परत, असा बेत काही पालक आखतात. एकच प्रवेश असलेला व्हिसा हंगेरीतून बाहेर पडताच संपतो. असा बेत असेल तर अर्जातच अनेक प्रवेश मागावेत आणि सर्बियातील निमंत्रणपत्रही जोडावे.

नकार आला तर सोबतच्या छापील पत्रात कारणावर खूण केलेली असते. प्रवासाचा हेतू किंवा मुक्कामाचा तपशील पटला नाही, पुरेसे साधन दिसले नाही, परत येण्याच्या हेतूविषयी शंका आहे, अशी ती कारणे असतात. अपील करता येते, पण त्यात वेळ जातो आणि स्पर्धा थांबत नाही. महिनाभर हाताशी असेल तर ज्या कारणावर खूण आहे नेमके त्याचेच कागद बळकट करून नवा अर्ज देणे बहुधा अधिक व्यवहार्य असते. तीच फाइल पुन्हा दिल्यास उत्तरही तेच येते. इतर देशांचे काही अर्ज पूर्वीच्या नकाराविषयी विचारतात; तेथे तो लपवू नये.

टप्पा ८ : आता तिकीट

पक्के तिकीट काढण्याची वेळ ही आहे. पहिल्या फेरीच्या निदान दोन दिवस आधी पोहोचावे. मध्य युरोपाची वेळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेतीन तास आणि हिवाळ्यात साडेचार तास मागे असते. म्हणून पहिले दोन दिवस मूल पहाटे चारला उठते आणि दुपारच्या फेरीच्या उत्तरार्धात, म्हणजे वेळेच्या कोंडीत, पेंगू लागते. एका दिवसाचे हॉटेल वाचवून पहिले दोन गुण घालवणे परवडत नाही.

इंदूर-मुंबई आणि मुंबई-युरोप ही दोन विमाने एकाच तिकिटावर असतील तर पहिले विमान उशिरा आल्यास पुढची जबाबदारी कंपनीची असते. वेगवेगळी तिकिटे असतील तर ती तुमची. जुलैत मुंबईचा पाऊस आणि डिसेंबर-जानेवारीत दिल्लीचे धुके लक्षात घेता, वेगळ्या तिकिटांवर जाणाऱ्यांनी आदल्या दिवशी मुंबई किंवा दिल्ली गाठावी.

लंडनमार्गे जाणारे स्वस्त तिकीट दिसले तर थांबावे. ब्रिटन शेंगेनमध्ये नाही आणि तेथे विमान बदलण्यासाठी भारतीयांना ट्रांझिट व्हिसा लागू शकतो. आखातातून किंवा इस्तंबूलहून जाणे सोपे पडते.

शेंगेनमध्ये ज्या विमानतळावर प्रथम उतराल तेथेच सीमातपासणी होते. फ्रँकफर्टला उतरून प्रागला जाणार असाल तर ती फ्रँकफर्टला होईल. १२ ऑक्टोबर २०२५ पासून युरोपने प्रवेश-निर्गमनाची नवी संगणकीय नोंद सुरू केली असून तीत चेहऱ्याचे छायाचित्र घेतले जाते; व्हिसाधारकांचे ठसे व्हिसाच्या वेळीच नोंदलेले असल्याने ते या नोंदीत पुन्हा साठवले जात नाहीत. त्यामुळे रांगा लांबतात. पुढच्या विमानासाठी तीन तास तरी हाताशी ठेवावेत. प्रागहून पार्दुबिचे रेल्वेने तासाभरावर आहे, तेथे आरक्षणाची घाई नसते.

परतीचे विमान शेवटच्या फेरीच्या दुसऱ्या दिवशीचे घ्यावे. मूल बक्षिसाच्या शर्यतीत असेल तर त्या सकाळी पालकाचे लक्ष घड्याळाकडे लागलेले नसावे.

टप्पा ९ : सामान आणि सीमा

युरोपीय संघात बाहेरून दूध व मांस यांचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेण्यास बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, मावा, श्रीखंडाच्या गोळ्या आणि पनीर घरीच ठेवावे. इंदुरी शेव, कोरडी चटणी, भाजणी, मेतकूट, पोहे यांना अडचण येत नाही. पाकिटे बंद आणि छापील लेबलांची असावीत. आजीने मायेने बांधलेला तुपातला लाडूचा डबा हा नाजूक विषय आहे, पण तो विमानतळाऐवजी घरीच मिटवलेला बरा. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी.

हातातल्या पिशवीत एक पातळ फोल्डर असावे : निमंत्रणपत्र, हॉटेल, परतीचे तिकीट, विमा, संमतीपत्राची मूळ प्रत आणि जन्मदाखल्याची प्रत. व्हिसा मिळाला म्हणून सीमेवर प्रश्न विचारत नाहीत असे नाही. रोख परकीय चलन साधारणपणे एका प्रवासाला ३,००० डॉलरच्या मूल्यापर्यंतच नेता येते; बाकी रक्कम फॉरेक्स कार्डावर ठेवावी. अर्जात दाखवलेले हॉटेल व्हिसा मिळाल्यावर बदलले असेल तर नव्या हॉटेलचा कागद जवळ हवा.

टप्पा १० : परतल्यावर

नव्या नोंदपद्धतीत पासपोर्टवर शिक्के उमटणे थांबत चालले आहे. म्हणून बोर्डिंग पास, हॉटेलची पावती आणि स्पर्धेचा अंतिम निकाल हे कागद फाइलला लावून ठेवावेत. पुढच्या अर्जात व्हिसाचा योग्य वापर केल्याचा तो पुरावा होतो. ठसे दिल्याची तारीखही त्याच फाइलच्या आतल्या बाजूला लिहावी, म्हणजे ५९ महिने कधी संपतात ते शोधावे लागत नाही.

भारतात राहणाऱ्या भारतीयांसाठी एप्रिल २०२४ पासून अशी व्यवस्था आहे, की मागील तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा मिळवून ते नियमाप्रमाणे वापरले असतील तर दोन वर्षांचा अनेक प्रवेशांचा व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. मात्र त्यासाठी पासपोर्टची मुदत तेवढी शिल्लक असावी लागते. मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असल्याने तिसऱ्या अर्जाच्या आधी त्याच्या मुदतीचा हिशेब करावा, आणि दोन वर्षे उरत नसतील तर आधी पासपोर्ट नवा करून मग अर्ज द्यावा.